तूर्तातूर्त मनाई

१० नोव्हेंबर १९९१, रविवार. कळवा.

आले एकदाची! खोली एकच आहे, पण दार माझं, कडी माझी आणि आत कुणाला घ्यायचं हे ठरवणारीही मीच. सामान म्हणजे एक ट्रंक, गादीची वळकटी, स्टोव्ह आणि कल्याणहून चांगदेवमामानं आणून दिलेला पाण्याचा पिंप. सकाळपासून तो पिंप मी सगळ्या कोपऱ्यांत ठेवून बघितला. आता मोरीशी आहे, उद्या परत हलवीन. मला स्वस्थ बसताच येत नाही. समोरच्या भिंतीला मोठी खिडकी आहे. तिच्यातून गल्ली दिसते, गल्लीच्या तोंडाशी नाला आणि नाल्यावरचा कठडा. खाडी दिसत नाही, पण भरती आली की वास घरात येतो.

मालकीण जनाबाई कोळीण आहे. साठीच्या पुढची, कळव्याच्या बाजारात मासळी विकते आणि भिंतीपलीकडच्या खोलीत एकटीच राहते. तिनं मला दोनच प्रश्न विचारले. मासळी खातेस ना? म्हटलं, खाते. नवरा कुठाय? त्यावर मी तिला कागद दाखवला.

कागद म्हणजे ठाण्याच्या कोर्टाचा तूर्तातूर्त मनाई हुकूम. दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रतिवादी महिपत शेलार याने स्वतः अगर त्याचे नोकर, मुखत्यार, हस्तक यांचेमार्फत वादी मंजुळा हिचे राहते जागेत प्रवेश करू नये, तिला वाटेत अडवू नये, तिचे नोकरीचे ठिकाणी उपद्रव देऊ नये. मला पाठ झालाय. टिपणीस वकिलांनी तो मिळवायला जिवाचं रान केलं. जनाबाईला वाचता येत नाही, तिनं शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि कागद मला परत देत म्हणाली, "आपल्या दारान आपलाच हुकूम, पोरी." कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या तसबिरीशेजारी खिळ्याला टांगलाय. देवाला वाईट वाटणार नाही, इतकी वर्षं त्याचाही काही उपयोग झाला नव्हता.

१३ नोव्हेंबर

नोकरीचंही लिहून ठेवते. खोपटच्या एसटी डेपोत मी चौकशीच्या खिडकीत बसते आणि माईकवरून गाड्या पुकारते. भिवंडीमार्गे वाडा जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे. चुकलेली मुलं, हरवलेल्या पिशव्या, कुणाची तरी वाट पाहणारे नातेवाईक, सगळं माझ्या तोंडून. वाहतूक नियंत्रक राघो म्हात्रे म्हणतात की बाई, तुम्ही पुकारलं की झोपलेला ड्रायव्हरपण उठतो. घरी मात्र माझा आवाज चढला की महिपत मनगटावरचं घड्याळ काढून टीव्हीवर ठेवायचा. काच फुटू नये म्हणून. घड्याळ काढलं की मला कळायचं. तो कधी ओरडला नाही, शिवी दिली नाही, शेजाऱ्यांना आमच्या घरातून आवाज आला तो फक्त माझा.

वर्तकनगरच्या त्या चाळीत अजूनही सगळे म्हणतात की माणूस देवासारखा, बायकोच तोंडाळ.

मी दोनदा घर सोडून मामाकडे गेले होते आणि दोन्ही वेळा मामानंच मला परत नेऊन घातलं. वाईट नाही मामा. त्याला भांडण बघवत नाही एवढंच. आईबाप गेल्यावर त्यानंच वाढवलं मला. तिसऱ्यांदा मी त्याच्याकडे न जाता थेट वकिलाकडे गेले.

१७ नोव्हेंबर

तो आला.

दुपारी कपडे वाळत घालत होते, तर नाल्याच्या कठड्यावर महिपत बसलेला. इस्त्रीचा शर्ट, हातात घडी केलेला पेपर. माझ्या पाचावर धारण बसली. आत येऊन कडी घातली, खिडकीच्या फटीतून बघत राहिले. तो हलला नाही. संध्याकाळी उठला, पँट झटकली आणि गेला.

उद्या रजा टाकून मी वकिलांकडे जाणार होते, पण त्यांनी फोनवरच सांगितलं की कठडा महापालिकेचा, त्यावर बसायला हुकुमाची आडकाठी नाही. घरात आला, वाटेत अडवलं, तर सांगा. हुकूम घेऊन बेलिफ गेला होता तेव्हा महिपतनं कागद हातात घेतला नव्हता, म्हणून तो दारावर डकवून पंचनामा केला होता. त्यानंतर म्हणे त्यानं डकवलेला कागद उभ्या उभ्या पूर्ण वाचला आणि बेलिफाला चहा विचारला. तो असाच आहे. नियम मोडणार नाही, नियमाच्या कडेला येऊन बसेल.

आणि त्याचा उलटा दावा आहेच. बायकोनं नांदायला यावं, असा. वकील म्हणतात, दोन्ही दावे एकत्र चालतील.

२४ नोव्हेंबर

या आठवड्यात तो सुट्टीच्या दोन्ही दुपारी होता. काही करत नाही, पेपर वाचतो, मध्येच खिडकीकडे बघून ओळखीचं हसतो. जनाबाईनं बाजारातून येताना त्याला हटकलं, तर उठून तिला जागा दिली. घरी येऊन ती मला म्हणाली की माणूस तर चांगला दिसतो. मला तिचा इतका राग आला की मी तिनं दिलेलं बांगड्यांचं कालवण तसंच ठेवलं. मग भूक लागली आणि खाल्लं. तिखट होतं, झकास होतं.

तरी बरं चाललंय, असंच म्हणायचं. कागद त्याला नाल्यापलीकडे धरून आहे. पिंप आता दाराशी आणलाय.

२८ नोव्हेंबर

महिपत गेला. काल सकाळी दाढी करताना छातीत कळ आली आणि बसल्या जागी संपला. त्याचा मोठा भाऊ धोंडीबा डेपोत निरोप ठेवून गेला, म्हात्र्यांनी मला बाजूला बोलावून सांगितलं. मी खिडकीत परत येऊन बसले आणि शहापूरची गाडी पुकारली. आवाज कापला नाही.

निरोपात हेही होतं की येऊन पाया पडून जा, बांगड्या फोडायच्या आहेत. मी गेले नाही. बांगड्या माझ्या आहेत, मी घेतल्यात.

संध्याकाळी वकिलांकडे गेले. टिपणीस भले गृहस्थ आहेत, आधी दुःख झाल्यासारखा चेहरा केला, मग माझ्याकडे बघून तो सोडून दिला. प्रतिवादी मयत, म्हणजे दावा संपला, हुकूमही संपला, त्याची गरजच उरली नाही. नांदायला येण्याचा त्याचा दावाही त्याच्याबरोबर गेला. तुम्ही मोकळ्या झालात मंजुळाबाई, असं म्हणून त्यांनी फाईलची दोरी बांधली. जिन्यावरून उतरताना मला रडू आलं. सुखाचं होतं. लिहून ठेवते, कारण विचारायला कुणी नाही.

१ डिसेंबर

खिडकी सताड उघडी ठेवून दिवसभर लोळले. कठडा रिकामा. कळव्याच्या बाजारातून अबोलीचा गजरा आणला आणि माळला. जनाबाईनं भुवया वर केल्या. पण संध्याकाळी वाटीभर सुकट दिली.

६ डिसेंबर

आज त्याचा दहावा होता. आपल्याकडून कुणीतरी हवं, म्हणून मामा गेला. मी नको म्हटलं होतं. तो म्हणाला, मेल्या माणसाशी कसलं वैर.

परत जाताना तो इथे येऊन गेला. उन्हानं चेहरा काळवंडलेला. खाडीवरच्या घाटावर विधी होता. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. भिंतीवर कावळेच कावळे, पण एक खाली उतरायला तयार नाही. धोंडीबानं सांगितलं, आईला मी सांभाळीन. नाही. घर विकणार नाही. नाही. तुझ्या मित्रांना तुझ्या वस्तू देईन. नाही. सूर्य डोक्यावर आला, गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले. मग मामा पुढे होऊन दोन शब्द बोलला आणि कावळा झपकन आला.

कुठले दोन शब्द, मी विचारलं. तो म्हणाला, हेच की मंजुळेच्या मनात तुझ्याबद्दल राग नाही.

मी उसळलेच. माझ्या मनात राग आहे, भरपूर आहे, तू कोण माझ्या वतीनं तो पुसून टाकणारा! मामा पाणी न पिता उठला. माझ्याकडे बघत नव्हता. वाईट वाटलं नंतर, पण बोललेलं काही खोटं नव्हतं.

८ डिसेंबर

एक गंमत झाली. गंमतच म्हणते. सकाळी स्वयंपाक केला, ताट वाढायला घेतलं तर वाटाण्याची उसळ आणि ज्वारीच्या पातळ भाकऱ्या. मला वाटाणा आवडत नाही. तो मी विकतही आणत नाही. भिजवला कधी? भाकऱ्याही दोघांच्या. आणि ताटंही दोन मांडलेली.

सवयीचा परिणाम असणार. इतकी वर्षं हात तेच करत आले. उसळ जनाबाईला दिली.

१० डिसेंबर

हे लिहू की नको. लिहिते.

दुपारची पाळी. गाड्या पुकारत होते, मध्ये चहा आला, परत पुकारायला लागले. तर म्हात्रे केबिनमधून धावत आले आणि त्यांनी माईकचं बटण बंद केलं. बरं वाटत नाही का, विचारायला लागले. मी म्हटलं, का, काय झालं? खिडकीबाहेरचे प्रवासी माझ्याकडे बघत होते. पोर्टर पण.

म्हात्र्यांनी सांगितलं ते असं. मी पुकारलं की मंजुळा महिपत शेलार, आपण जिथे असाल तिथून निघावं, आपले यजमान आपली वाट पाहत आहेत. एकदा नाही, परत परत. अगदी नेहमीच्या सुरात, हरवलेल्या माणसांना पुकारते तशा. कोण ही बाई, म्हणून लोक इकडेतिकडे बघायला लागले होते.

मला यातला शब्दही आठवत नाही. मला वाटत होतं मी मुरबाडची गाडी पुकारतेय.

म्हात्रे भला माणूस. नवरा गेल्याचा धक्का आहे, चार दिवस घरी बसा, म्हणाले. धक्का कसला! धक्का जिवंतपणी होता.

१२ डिसेंबर

रजेवर आहे. घरात बसवत नाही म्हणून ठाण्याला वाणसामानाला गेले. येताना टीएमटीत खिडकीची जागा मिळाली. कळव्याचा पूल आला हे आठवतंय. पाण्यावर ऊन होतं.

मग जनाबाई माझा दंड धरून उभी होती. मी पुलाखालच्या पायवाटेवर, चपला हातात, पाय चिखलात. ती होडीवरून मासळी घेऊन परत येत होती म्हणून दिसले तरी. "तू खारीवर कनाला गेल्तीस? मी हाका मारल्या त बगलंस पन नाय," असं ओरडत तिनं मला घरी आणलं. खाडीवर का गेलीस, हेच विचारत पाय धुऊन दिले. वाणसामानाची पिशवी बसमध्येच राहिली.

पुलावर बस थांबतच नाही. थांब्यावर उतरून उलटं चालत गेले असणार. का?

पायवाट घाटाकडे जाते.

१४ डिसेंबर

दार आतून लावलेलं. खिडकी लावलेली. मी त्याला आत येऊ देणार नाही. कठड्यावर कुणी नाही, मी सारखी बघते. तो येत कसा नाही? मागे यायचा तेव्हा निदान दिसायचा.

दुपारी केस विंचरायला आरशासमोर बसले तर केस विंचरलेले, अंबाडा घातलेला, वर गजरा. अंगावर लग्नातला हिरवा शालू. तो ट्रंकेच्या तळाशी असतो. पदराची गाठ जड लागली म्हणून सोडली, तर आत तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी. ओटी भरलेली. सासरी निघालेल्या मुलीची भरतात तशी.

दाराला कडी तशीच होती. दुसरं कुणी आलेलं नाही. मीच भरली.

ट्रंकही भरलेली होती. दाराशी.

१५ डिसेंबर

कल्याणला गेले. जनाबाईला बरोबर घेतलं, एकटी जात नाही आता. मामाला समोर बसवलं आणि म्हटलं, घाटावर काय बोललास ते अक्षरन् अक्षर सांग.

आधी टाळाटाळ केली. मग त्याचा बांध फुटला. राग नाही हे बोलला होता तो, पण तेवढ्यानं कावळा हललाही नव्हता. मग धोंडीबा सगळ्यांदेखत म्हणाला की आत्मा कशात अडकलाय ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सगळे मामाकडे बघायला लागले. ऊन, उपाशी माणसं, रडणारी म्हातारी. मामाला भांडण बघवत नाही. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "महिपतराव, आमची मंजुळा नांदायला येईल."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळ्यानं पिंडाला चोच लावली.

मामाला वाटलं, बोलायला काय जातं. मेला माणूस, कोण कुठे नांदायला जाणार. विधी उरकला, सगळे जेवायला बसले. तिसऱ्यांदा नेऊन घातलंस मला, एवढंच मी म्हटलं. तो लहान मुलासारखा रडायला लागला.

म्हणजे तो येणार नाहीच. मी वेड्यासारखी दार धरून बसले. तो कशाला येईल? त्याला मनाई होती, ती तो पाळतोय. मला कसलीच मनाई नाही. जो दावा कोर्टात संपला तो घाटावर मंजूर झाला, आणि बजावणी माझ्यावर.

१६ डिसेंबर

शब्द ज्यानं दिला त्यानं परत घ्यायचा, असं जनाबाई म्हणाली. मामा तयार झाला. सकाळी आम्ही तिघं घाटावर. भात, काळे तीळ, दर्भ. मामानं पिंड ठेवला आणि मोठ्यानं म्हणाला, मी खोटं बोललो, तो शब्द माझा नव्हता, तिला विचारलं नव्हतं, मी परत घेतो.

कावळे होते. भिंतभर. ऊन चढलं, उतरलं. एकही शिवला नाही.

मी पण बोलले. तो गेल्यापासून पहिल्यांदा त्याच्याशी मोठ्यानं बोलले. मी येणार नाही. मी नाही म्हटलं होतं आणि नाहीच म्हणते.

सगळे कावळे एकदम माझ्याकडे वळले. मामा मागच्या मागे पडणार होता, जनाबाईनं त्याला धरला. मला कुणी धरलं नव्हतं. पायऱ्या उतरत होते मी — तीनच उरल्या होत्या — मामानं पदर ओढला म्हणून —

पिंड तसाच आहे तिथे.

१७ डिसेंबर

टिपणीस वकील. सगळं सांगितलं. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. मी विचारलं, नवा हुकूम मिळेल का. ते म्हणाले, कोणाविरुद्ध? मयताविरुद्ध कोर्ट हुकूम देत नाही. मी म्हटलं, माझ्याविरुद्ध. मला मनाई करा. त्यांनी चष्मा काढून पुसला. डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. मग जिन्यापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले की मामांकडे राहायला जा. मामाकडे! तो झोपेतही माझी समजूत घालून मला पोचवून येईल.

१८ डिसेंबर

कोर्ट देत नाही तर मी देते. जुन्या हुकुमाच्या पाठीवर लिहिलं, खळ करून दाराला आतून डकवला.

वादी मंजुळा. प्रतिवादी मंजुळा. प्रतिवादीने स्वतः अगर तिचे हात, पाय, आवाज यांचेमार्फत वादीस घराबाहेर नेऊ नये. वादीचे अंगावर शालू चढवू नये. वादीचे नावाने पुकारा करू नये. वादीस खाडीची वाट दाखवू नये.

सही केली. शिक्का नाही म्हणून कुंकवाचा अंगठा.

जरा बरं वाटलं. पाय मुंग्या आल्यासारखे होतात, चालायला मागतात. पिंप दारामागे सरकवून काठोकाठ भरला. हलणार नाही मला.

१९ डिसेंबर

पिंप मोरीशी आहे. हुकूम दारावर नाही. व्यवस्थित भिजवून सोडवलेला, फाडलेला नाही, घडी करून तसबिरीशेजारी ठेवलेला. माझी घडी. मी पदर चुरगळते, कागदाची घडी नेमकी घालते.

जनाबाईला सांगितलं, बाहेरून कुलूप लाव. ती नको म्हणत होती. पोरी, आग लागली, काय झालं, तर? मी तिचे पाय धरले. किल्ली कनवटीला लावून बाजारात गेली. दर थोड्या वेळानं येऊन हाक मारणार आहे. मी ओ द्यायची.

दिली. एकदा. दोनदा.

लिहीत राहिलं की हात कामात राहतात. लिहीत राहते. स्टोव्ह. गादी. खिडकीला गज. कुलूप बाहेरून. बाहेर पडायला वाटच नाही. मी आत आहे. आत आहे.

तो सांगायचा, तुला मी बांधून ठेवलंय का, दार उघडंच असतं. खरंच उघडं असायचं. शेजारणीपण तेच म्हणायच्या, मग गेली का नाही. आणि परत आले तर म्हणायच्या, स्वतःच्या पायांनी —

जनाबाईची हाक. ओ दिली. लांबून आली हाक. लांबून का?

२० — नाही, १९च

अजून दुपारच. बरं आहे. सगळं शांत. भिंतीला टेकून बसलेय. भिंत गार आहे. ओलीही आहे —

खिडकीत कावळा बसलाय, हे लिहिणार होते. खिडकी कुठाय? भिंतीवर आहे तो. भिंतभर —

पायाला पाणी लागतंय. पिंप सांडला असेल. पिंप —

शालू घोट्यापर्यंत — गुडघ्यापर्यंत भिजला. जनाबाई लांब, काठावर, हात करतेय. किल्ली तिच्या हातात, कुलूप तर लावलेलंच. मग मी कशी —

जनाबाई, वही घे. मामाला वाचून दाखव. वकिलांना दे. लोक म्हणतील गेली आपणहून, कुणी ओढली नाही, कुणी हात लावला नाही. तसं नाही. हे लिहून ठेवा. पाय माझे होते, पण मी —